शेंदराखालचं नाव

सुरुवातीलाच माफी मागून घेतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आजवर मी जे काही लिहिलं ते उत्तरपत्रिकांत आणि शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या अर्जांत. छापून येण्यासारखं आपण काही लिहावं, हे मनात आलं तरी अवघडल्यासारखं होतं. शिवाय ही हकिगत माझी नाहीच. ती माझ्या आजोबांची आहे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. खरं तर त्यांनीच ती सांगायला हवी. पण आबा अहिराणीत सांगतात, ओट्यावर बसून सांगतात, आणि मध्येच उठून गोठ्यात जातात ते परत येईपर्यंत ऐकणारा निघून गेलेला असतो. म्हणून मी लिहितो आहे. ज्या लोकांबद्दल हे आहे त्यांच्याविषयी माझं ज्ञान एका दुपारच्या पायी फेरीपुरतंच आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव एरंडोलहून धुळ्याच्या अंगाला जाताना हायवे सोडून आत. गावालगतच्या आमच्या एका शेताला 'मास्तरवालं वावर' म्हणतात. त्याच्या बांधावर कडुनिंब आहे आणि निंबाखाली गुडघ्याइतका उंच एक दगड. मला कळायला लागल्यापासून मी तो लालच पाहिला. लाल म्हणजे इतका, की आत दगड आहे हे सांगितलं तरच कळावं. शेंदराचे थरावर थर बसून त्याच्या कडा गोल झाल्या होत्या. दहावीला बसलेली पोरं परीक्षेच्या आधी हॉलतिकीट घेऊन तिथे जातात, ते दगडाला टेकवतात आणि 'मास्तरबाबा, गणिताचं तेवढं बघा' असं म्हणून घरी येतात. मीही टेकवलं होतं. गणितात मला बरे गुण पडले, त्यामुळे त्याविषयी मी काही बोलू शकत नाही.

दगडाखाली खरोखरचे मास्तर आहेत, हे गावात सगळ्यांना ऐकून माहीत होतं. आबा लहान असताना गावच्या शाळेवर एक मास्तर आले. मूळचे कोकणातले. बरोबर बायको आणि कडेवरची मुलगी. बोलणं मराठीच, जेवणखाण आपल्यासारखंच, पण शनिवारी त्यांच्या घरची चूल पेटत नसे आणि घरात देव्हारा नव्हता. 'आम्ही इस्राएल लोक' असं ते सांगत. म्हणजे ज्यू, हे मला फार पुढे कळलं. गावाला त्यातलं फारसं कळलं नाही. कोकणातली एखादी जात असेल असं समजून गावाने विषय सोडून दिला. आबांना बाराखडी शिकवली ती त्यांनी.

मग एका वर्षी भर श्रावणात मास्तर तापाने गेले. नदीला पूर होता, गाड्या बंद होत्या. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही लगेच, असं मास्तरांच्या बायकोने सांगितलं. तेव्हा आबांच्या वडिलांनी आपल्या बांधावरची जागा दिली. पुढल्या वर्षी मास्तरांच्या बायकोचे भाऊ मुंबईहून कोरलेला दगड घेऊन आले. दगड बसवला आणि मायलेकींना बरोबर घेऊन गेले. त्या दोघी नंतर बोटीने इस्रायलला गेल्याचं कोणीतरी येऊन सांगितलं. त्यापुढे काहीच नाही.

शेंदूर लावायला सुरुवात केली ती आबांच्या वडिलांनी, आणि त्यात भक्तीचा भाग नव्हता. बांधावरचा चांगला घडीव दगड, कोणीही धुण्याला किंवा पायरीला उचलून नेला असता. शेंदूर लावलेल्या दगडाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. नांगर धरणाराही त्याला वळसा घालतो. म्हणून दर अखाजीला त्याला एक हात शेंदूर द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याने भरलेली घागर मांडतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी ठेवतात, आणि ज्याची घागर त्याचं नाव घेतात. आमच्या घरच्या रांगेत शेवटची एक घागर मास्तरांची. आबांच्या वडिलांनंतर आबा शेंदूर देऊ लागले आणि आबांचे गुडघे धरल्यापासून माझे वडील. वडिलांना आम्ही नाना म्हणतो.

अडायचं ते त्या शेवटच्या घागरीशी. आबा एकेक नाव घेत पुढे सरकत आणि तिथे आले की नुसतं 'मास्तर' म्हणत. गाव त्यांना मास्तर म्हणूनच हाक मारायचं, त्यामुळे नाव कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. आडनाव कोकणातल्या कुठल्याशा गावावरून होतं आणि शेवटी 'कर' होतं, एवढंच आबांना आठवे. नाव दगडावर कोरलेलं होतं, पण त्याच्यावर साठ-सत्तर वर्षांचा शेंदूर. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. मी बारावीत असताना तालुक्याच्या कचेरीत विचारायला गेलो होतो. तिथल्या माणसाने 'कोणते मास्तर?' असं विचारलं, आणि मला पुढे काही सांगता आलं नाही.

आबांची इच्छा एकच होती. ती कडेवरची मुलगी आता जिथे असेल तिथे तिला कळावं, की तुझ्या वडिलांची जागा आहे, कोणी नांगरलेली नाही. आबांनी ऐंशी ओलांडली आहे. इतर गोष्टी ते आता अर्ध्यावर सोडतात, पण ही कधी सोडली नाही, आणि दरवेळी त्याच वाक्याशी येऊन थांबले.

"ज्यानी माले बाराखडी शिकाडी, त्यानंच नाव मी इसरी गऊ."

जळगावला मी भूगोल घेऊन शिकतो. दुसऱ्या वर्षी कॉलेजातून एका सत्रासाठी पोलंडला विद्यार्थी पाठवायचे होते. सरांनी अर्ज भरायला लावला म्हणून भरला. माझं नाव लागलं तेव्हा, यादीत चूक झाली असावी असं मला दोन दिवस वाटत होतं. निघायच्या दिवशी घरचे सगळे जळगाव स्टेशनवर आले. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी इतकी बांधून दिली होती, की वजनाच्या काट्याची मला विमानापेक्षा जास्त भीती वाटत होती. गाडी दिसू लागली तेव्हा आबा माझ्याजवळ सरकले आणि म्हणाले, "तठे त्यासना लोके शेतस. इचारी ये."

तिकडे त्यांचे लोक आहेत, विचारून ये. मी म्हणालो, आबा, पोलंड वेगळं आणि इस्रायल वेगळं. नाना हसून म्हणाले, आबांना भुसावळच्या पुढे सगळं एकच. आबांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तू तरी कव्हय गयथा भुसावळना पुढे?" नानांनी माझी बॅग उचलली आणि ते डब्यात चढले.

क्राकूफ शहरात मी फेब्रुवारीत पोचलो. पहिले पंधरा दिवस थंडी समजून घेण्यातच गेले. मग विद्यापीठाच्या सूचनाफलकावर एक कागद दिसला: जुन्या ज्यू वस्तीतली पायी फेरी, रविवारी, वाटाड्यासह. त्या भागाचं नाव काझिमिएश. आबांना सांगितलं ते खरं होतं, पोलंड वेगळं आणि इस्रायल वेगळं. तरी तो कागद पाहिल्यावर मला आबांचं 'तठे' एकदम पटलं.

वाटाड्या म्हणजे पन्नाशीच्या एक बाई. बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे आणि उंच धरलेली पिवळी छत्री. आम्ही चौदा जण होतो, आणि बाई दर चौकात आमची डोकी मोजत. मी सर्वांत मागे राहिलो. काय विचारायचं ते मनात इंग्रजीत जुळवत होतो, आणि जुळलं की ते पुन्हा विस्कटत होतं.

गल्ल्या अरुंद. घरं दोन-तीन मजली, भिंतींचे रंग उडालेले. एका दारापाशी बाई थांबल्या. चौकटीच्या उजव्या बाजूला खांद्याच्या उंचीवर एक तिरकी खाच होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. त्यांनी सांगितलं, इथे लहानशी डबी ठोकलेली असायची, तिच्यात लिहिलेला कागद असायचा, आणि घरातली माणसं जाता-येता तिला हात लावायची. युद्धात जर्मनांनी ही माणसं आधी नदीपलीकडे कोंडली, मग छावण्यांत नेऊन मारली. डब्या गेल्या, चौकटी राहिल्या. बाईंनी हे आवाज न बदलता सांगितलं, जसं रोज सांगत असतील तसं. आम्ही पुढे निघालो तेव्हा आमच्यातल्या एका मुलीनेही त्या खाचेवरून बोट फिरवलं. मला धीर झाला नाही.

मग त्यांचं प्रार्थनाघर आलं. दाराशी येताच मी सवयीने वाकलो, बूट काढले, डोक्यावरची लोकरी टोपी काढून खिशात घातली आणि मोज्यांवर आत पाय ठेवला. फरशी बर्फाच्या पाण्याने ओली होती. आतून बाईंचा आवाज आला, "नाही, नाही. बूट घाला. आणि टोपीसुद्धा. इथे तुमच्या उलटं आहे." बाकीचे तेराच्या तेरा जण माझ्याकडे पाहत होते. मी तिथेच बाकाला टेकून ओल्या मोज्यांवर बूट चढवले. आबा घरातल्या कुठल्याही कार्यात टोपीशिवाय बसत नाहीत. ते इथे माझ्यापेक्षा कमी चुकले असते, असं वाटलं.

प्रार्थनाघराच्या मागेच जुनं कबरस्तान होतं. उभे दगड, काही कललेले, सगळे करडे. फुलं कुठेच नव्हती. दगडांच्या माथ्यावर लहान लहान खडे ठेवलेले होते. भेटायला आलेला माणूस फूल वाहत नाही, खडा ठेवतो, असं बाई म्हणाल्या. पलीकडच्या बाजूला एक लांब भिंत होती. जवळ गेल्यावर कळलं, की ती सगळी फुटलेल्या कबरींच्या तुकड्यांची आहे. कुठे अर्धी ओळ, कुठे कोरलेला हात, कुठे दोनच अक्षरं. युद्धाच्या काळात इथले दगड उपटले, फोडले. नंतर जे सापडले ते या भिंतीत बसवले.

"कधी कधी कोणी दूरच्या देशातून येतं आणि या भिंतीसमोर तासभर उभं राहतं," बाई म्हणाल्या. "आपल्या घरातलं एखादं नाव दिसतं का ते शोधत. दगडाकडून यांना दुसरं काही नको असतं. नाव वाचता आलं पाहिजे, बस."

आम्ही नेमकं नावच बुजवलं होतं, आणि तेही दरवर्षी, आंघोळ करून, मन लावून.

फेरी संपली. बाकीचे आभार मानून पांगले. मी उभाच राहिलो. बाई छत्री मिटत होत्या. काही राहिलं का, असं त्यांनी विचारलं. जुळवून ठेवलेली वाक्यं ऐन वेळी गेली, म्हणून मी फोनमधला फोटो पुढे केला. निंबाखालचा लाल दगड. बाईंनी तो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. मग मी जसं येईल तसं सांगत गेलो. मास्तर, पूर, बांध, आबा. भारतात मराठी बोलणारे ज्यू आहेत हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. दोन तास आम्हाला सगळं सांगणाऱ्या बाईंनी पर्समधून वही काढली आणि मला 'कोकण' दोनदा म्हणायला लावून तो शब्द लिहून घेतला.

हा लाल रंग कसला, असं त्यांनी विचारलं. मी शेंदूर समजावला आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, माझ्याकडे मागून काय उपयोग, मी ज्यू नाही, मी पलीकडच्या रस्त्यावर वाढले. पण लावला कशाला ते सांगा.

मी आबांच्या वडिलांचं म्हणणं सांगितलं.

"म्हणजे दगड कोणी नेऊ नये म्हणून?"

"हो."

"आणि कोणी नेला नाही?"

"नाही. अजून तिथेच आहे."

बाईंनी एकदा मागे वळून भिंतीकडे पाहिलं. "इथे तेवढंही कोणाला सुचलं नाही," त्या म्हणाल्या.

मग त्या एकदम कामाचं बोलू लागल्या. शेंदूर निघेल. लोखंड लावायचं नाही, तारेचा ब्रश नाही, ऍसिड तर मुळीच नाही. कोमट तेल, लाकडाची काडी, कोमट पाणी आणि भरपूर वेळ. अक्षरं दिसली की फोटो पाठवा, हिब्रू वाचणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. आपला पत्ता त्यांनी माझ्या वहीत लिहिला, आणि निघताना म्हणाल्या, आधी घरच्यांना विचारा. दगड तुमच्या दारात आहे.

विचारायचं, हेच कठीण होतं. घरी फोन लावला तेव्हा सगळे जेवायला बसले होते. नानांनी ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हणून सांगितलं. शेंदूर चढवतात, कोणी खरवडत नाही. उद्या गावात कोणाचं ढोर जरी आजारी पडलं तरी म्हणतील, यांनी मास्तरबाबांना खरवडलं. धाकट्या बहिणीचं त्या वर्षी दहावीचं वर्ष होतं. तिने दोनच दिवसांपूर्वी हॉलतिकीट टेकवून आणलं होतं. ती फोन ओढून घेऊन म्हणाली, "दादा, माझा भूमितीचा पेपर होऊ दे. मग काय करायचं ते करा." आई हसली. नाना म्हणाले, हसू नको, पोरगी शहाणपणाचं बोलते आहे. आबा फोनपासून लांब बसलेले असावेत, कारण त्यांचा आवाज बारीक आला, पण प्रत्येक शब्द कळला.

"शेंदूर आपीन लाया, आपीनच काढसूत."

आपणच लावला, आपणच काढू. त्यांनी पुढे जोडलं, की पोरीचा पेपर मात्र होऊ द्या.

पेपर झाला. एप्रिलच्या उन्हात, सकाळच्या वेळी, ते काम तीन दिवस चाललं. नाना आदल्या दिवशीपर्यंत मी हात लावणार नाही म्हणत होते, पण तेल कोमट करून आणलं ते त्यांनीच. बांबूच्या कामट्या तासून दिल्या त्याही त्यांनीच. बहीण खाली बसून काम करत होती आणि आबा शेजारी गोणपाटावर बसून, हळू, हळू, एवढंच सांगत होते. मी क्राकूफमधल्या खोलीतून फोनवर बघत होतो. निंबाखाली रेंज येत-जात असे. चित्र थांबायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं तेव्हा आणखी एक खपली गळालेली असायची. थर आतून वेगवेगळ्या लालीचे होते. सर्वांत आतला जवळजवळ काळा.

बघायला गाव आलं होतं. शेजारच्या एक म्हाताऱ्या अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तरले उघडा पाडी ऱ्हायनात का रे?"

"नाव धोई ऱ्हायनूत, अक्का," आबा म्हणाले.

अक्का सावलीत बसल्या आणि बहिणीला सांगू लागल्या, की कोपऱ्यात अजून राहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी अक्षरं मोकळी झाली. वर दोन ओळी त्यांच्या लिपीतल्या, खाली तीन मराठीतल्या, सगळ्यांत शेवटी पुन्हा एक ओळ त्यांच्या लिपीतली. मराठी ओळी बहिणीने मोठ्याने वाचल्या. मास्तरांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली 'शिक्षक'. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. आबांनी ते तिच्यामागून एकदा म्हटलं, मग आणखी एकदा, जरा जोरात, आणि म्हणाले, "हा. हाऊच. हाऊच." मग उपरण्याने तोंड पुसलं. माझ्या फोनवर नेमकं तिथेच चित्र अडकलं. पुढे बराच वेळ मला उपरणंच दिसत होतं.

त्या अखाजीला शेवटच्या घागरीपाशी आबांनी पूर्ण नाव घेतलं. दगडाला शेंदूर दिला नाही. नानांनी चार खुंट ठोकून तार ओढली, म्हणजे ढोरं अंग घासणार नाहीत.

मी बाईंना फोटो पाठवले. आठ दिवसांत उत्तर आलं. वरच्या ओळींत तेच नाव होतं. खालची ओळ म्हणजे मृत्यूचा दिवस, त्यांच्या पंचांगाप्रमाणे. त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांनी ती नीट लिहून दिली होती. इस्रायलमधल्या एका शहरात मराठी बोलणाऱ्या वृद्ध लोकांची एक मंडळी जमते, तिचाही पत्ता त्यांनी शोधून कळवला. मी एक पानभर पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनमध्ये मी इतकी माफी मागत होतो, की मुद्दा शेवटच्या ओळीत येत होता. चौथ्यात सरळ लिहिलं: या नावाच्या शिक्षकांची मुलगी, तेव्हा कडेवर होती, आता जिथे असतील तिथे त्यांना कळवावं, की त्यांच्या वडिलांची जागा आहे आणि नीट आहे. सोबत दगडाचे फोटो जोडले, शेवटच्या ओळीचा वेगळा.

मे गेला. जून संपताना मी जळगावला परत आलो. आबांना क्राकूफचं काहीही ऐकायचं नव्हतं, बर्फाचंसुद्धा नाही. "काही खबर?" एवढंच विचारत. मी नाही म्हणायचो. जुलैत दर रविवारी फोनवर तेच. मग एका रविवारी त्यांनी विचारलंच नाही. कपाशीची निंदणी, बहिणीचं अकरावीचं ऍडमिशन, सगळं बोलले आणि फोन आईकडे दिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे करायलाच नको होतं. आधी निदान नाव माहीत नसल्याचं कारण तरी होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो असताना, उत्तर आलं. इंग्रजीत होतं, फार लांब नव्हतं. मी ते दोनदा वाचलं, वही बंद केली आणि बसस्टँडवर जाऊन धुळ्याची गाडी पकडली. फोनवर सांगावं असं वाटलं नाही. घरी पोचलो तेव्हा दुपारची तीनची वेळ. आबा ओट्यावर होते. अवेळी आलेला पाहून नाना, काय झालं, असं विचारत बाहेर आले.

"पोरगी शे, आबा," मी म्हणालो.

मग आतल्या सगळ्यांना बोलावलं आणि पत्र अहिराणीत सांगत गेलो. पत्र मास्तरांच्या नातवाने लिहिलं होतं. त्याची आई सत्तरीच्या पुढे आहे, तिकडे वाळवंटाच्या कडेला एका गावात राहते. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. माझं पत्र बऱ्याच हातांतून फिरत तिच्यापर्यंत गेलं, आणि मंडळीतल्या एका बाईंनी तिला वाचून दाखवलं. वडिलांची जागा केव्हाच नांगरली गेली असेल, असं ती आयुष्यभर धरून चालली होती. तिची आई तिकडे गेल्यावर दोन-तीन वर्षांतच वारली, मामांनी तिला वाढवलं, पण ती विचारण्याच्या वयाची होईपर्यंत तेही गेले. मुलं आईवडिलांच्या मृत्यूच्या दिवशी दरवर्षी दिवा लावतात, अशी त्यांच्यात रीत आहे. पण वडील नेमके कोणत्या दिवशी गेले हे तिला सांगणारं कोणी उरलं नव्हतं. दिवस माहीत नसेल तर एखादा ठरवून घ्यावा, असं त्यांच्या धर्मगुरूंनी सांगितलं, आणि ती इतकी वर्षं असाच एक ठरवलेला दिवस पाळत आली होती. दगडावरची शेवटची ओळ तिने मुलाकडून तीन वेळा वाचून घेतली.

नातवाने खाली लिहिलं होतं, की तो दिवस या वर्षी अजून यायचा आहे, बावीस दिवसांनी येतो, आणि आई पहिल्यांदाच खऱ्या दिवशी दिवा लावणार आहे.